ओलं लाकूड

मास्तरांनी पिशवी उपडी केली आणि मैदानभर रॉकेलचा वास सुटला.

कुंपणाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं मान खाली घातली. पिशवी सकाळी तिनंच भरली होती. चाकू, दोरी, शिट्टी, काडीपेटी, छोटी पातेली, पाण्याची बाटली आणि आग धरायला सुती कापडाचा एक तुकडा. तो तुकडा तेवढा तिनं गुपचूप रॉकेलमध्ये बुडवून पिळून घेतला होता. नवरा जन्मभर पोरांना जंगलात एकट्यानं तगायला शिकवत आला, त्याचं नाक काय झोपलेलं असणार होतं? पण मायेपुढे शहाणपण चालत नाही.

ह्या प्रशिक्षण शाळेची रीतच तशी होती. वर्षातून एकदा प्रत्येक शिक्षकानं पोरांच्या देखत परीक्षा द्यायची. ओलं लाकूड, तीन काड्या आणि पिशवीत असेल तेवढं सामान, त्यावर, रॉकेलबिकेल न लावता, पाणी उकळून दाखवायचं. उकळलं, तर पोरांना घेऊन जंगलात. नाही उकळलं, तर सामानखोलीत बसून तंबूंच्या घड्या घालायच्या. कड्यावरून पडल्यापासून मास्तरांचा उजवा हात खांद्यातून नुसता लोंबत होता, आणि सामानखोलीची किल्ली त्यांच्यासाठी आधीच काढून ठेवली आहे असं लोक बोलत होते.

मुख्य बाई पुढे आल्या. एकेकाळच्या मास्तरांच्याच विद्यार्थिनी. "सर, कसला वास येतोय?"

"ह्या कापडाचा. बाद करा." मास्तरांनी दोन बोटांनी तुकडा उचलून त्यांच्याकडे दिला. कुणी भिजवला ते सांगितलं नाही. एकदाच कुंपणाकडे पाहिलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं बायकोला झालं.

"दुसरं कापड देऊ?" बाईंनी आवाज खाली आणला. "कुणी काही म्हणणार नाही, सर."

"जंगलात कोण येणार आहे द्यायला?"

मग ते चिखलातच बसले. चाकूची मूठ बुटाखाली दाबली, धार पुढे. चाकू पक्का बसल्यावर डाव्या हातानं ओल्या लाकडाची काठीच त्या धारेवरून आपल्याकडे ओढू लागले. आधी काळी, भिजलेली साल निघाली. ती त्यांनी फेकून दिली. मग पिवळट, दमट कीस निघाला. तोही फेकला.

"आता काय नुसता भुसा पाडत बसणार?" मागे एक शिक्षक कुजबुजला. "हट्टाला औषध नाही."

बायकोनं ऐकलं. तिनं कुंपणाची तार दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. सोडली असती तर काठी धरायला धावतच गेली असती. काठी निम्मी झाली तेव्हा कुठे आतून पांढरे, कोरडे, कुरळे कीस सुटायला लागले. मास्तरांनी ते शर्टाच्या आत, छातीशी जपून ठेवले.

काडीपेटी गुडघ्यांत धरून त्यांनी पहिली काडी ओढली. मोडली. पोरांमधून चुकचुकाट झाला. मास्तर थांबले, बोटं मांडीला पुसली, पाठ वाऱ्याकडे केली आणि दुसरी काडी ओढली. किसाच्या टोकाला एवढीशी ज्योत बसली. ते गाल जवळजवळ चिखलाला टेकवून फुंकत राहिले. धूर झाला, खोकला झाला, ज्योत दिसेनाशी झाली. आणि मग वर रचलेल्या काटक्या तडतडल्या.

पातेलीतलं पाणी खदखदायला लागलं तेव्हा पोरांनी असा गलका केला की मुख्य बाईंचं बोलणंच कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांना दोनदा सांगावं लागलं, "सोमवारची तुकडी सरांबरोबर जाईल!"

मास्तरांनी उरलेली काडी त्यांच्या हातावर ठेवली. "ही घ्या. तुमच्या परीक्षेला होईल."

बाई मोठ्यांदा हसल्या. मघाचा तो शिक्षक टाळ्या वाजवण्यात सगळ्यांच्या पुढे होता.

मास्तर कुंपणाशी आले. तोंड काळं, भुवई होरपळलेली, शर्ट चिखलानं माखलेला. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अभिमानानं छाती फुगली होती, दोन्ही एकदमच. आता ते रॉकेलवरून बोलणार म्हणून ती वाट पाहत राहिली. पण रोजच्या सवयीनं त्यांनी तोंड पुढे केलं, पुसून घ्यायला.

तिनं रुमाल काढला. हात उचललाही. मग तो रुमाल तिनं त्यांच्या डाव्या हातात कोंबला.

"आणि उद्यापासून," ती म्हणाली, "शर्टाची बटणंही तुमची तुम्हीच लावायची."