शिकलेलं मशीन

रोहिणखेडच्या शिबिरात एआयच्या मशीननं भाऊरावांच्या छातीचा फोटो पाहिला आणि क्षणात फुफ्फुसातली गाठ दाखवली.

"अगदी सुरुवातीलाच सापडली, बाबा. तुम्ही बरे व्हाल," डॉक्टरीण म्हणाली.

भाऊरावांना नवल वाटलं. "एवढं बारीक पाह्यचं ह्याले कोनं शिकवलं?"

"तुमच्याच भागातल्या लोकांनी. तीन वर्षांपूर्वी इथं शिबिर झालं होतं ना, त्या फोटोंवर शिकलं हे."

"त्याच्यात गाठी निंगाल्या होत्या?"

"हो. डॉक्टरांनी एकेक गाठ खूण करून दाखवली, तेव्हा कुठं याला ओळखता यायला लागली."

"मंग त्या लोकायले सांगतलं असन."

"ते फोटो फक्त मशीनला शिकवायला होते, बाबा. नावं आधीच काढून टाकली होती."

भाऊराव सदऱ्याची बटणं लावत राहिले. त्या शिबिरात त्यांची बायको केसरबाईही फोटोला उभी राहिली होती. पुढं खोकल्यातून रक्त पडू लागलं, तरी मरेपर्यंत ती दवाखान्याची पायरी चढली नाही.

"फोटो काढला होता ना," ती म्हणायची, "काही असतं तर त्याहिनं कळवलं नसतं काय?"