जेवणानंतरचा रिवाज

कादंबरीकार लेडी रोझामंडनं ज्याची कादंबरी इंग्रजीत आणली, तो हंगेरियन लेखक तिच्याच टेबलावर ब्रिटिश मंत्र्यांशेजारी जेवत होता. त्याचा मुलगा तिकडे हंगेरीत तुरुंगात होता. मंत्र्यांनी शब्द टाकला असता तर सुटला असता. पण मंत्री जेवणभर शिकारीवरच बोलत राहिले. शेवटी लेखकानं खिशातून मुलाचा फोटो काढला आणि तो हंगेरियनमध्ये बोलू लागला; ती भाषा टेबलावर फक्त रोझामंडला येत होती. ती भाषांतरासाठी तोंड उघडणार, तोच तिचा नवरा हसत म्हणाला, "बाईसाहेब, उठा आता. पुरुषांच्या वाइनचा खोळंबा होतोय." रिवाजच तो, यजमानीण उठली की सगळ्या बायकांनी बाहेर जायचं. वाइन संपताच मंत्री लंडनला निघणार होते. ती उठली. तिच्या कादंबऱ्यांतली एकही नायिका उठली नसती. बंद दारामागून लेखकाचा आवाज आला, तिनंच शिकवलेले दोन इंग्रजी शब्द: "माझा मुलगा! माझा मुलगा!" "मुलाच्या नावानं होऊन जाऊ दे!" नवरा ओरडला आणि पेले खणखणले.