घरचं माणूस

टेलरबाईनं चौदा जणांना नदीकाठी ओळीत उभं केलं आणि हजेरी घेता घेता ती पोस्टमनच्या शेजारी येऊन अडखळली. तिथे कंपाउंडरकाका उभे होते. कमरेला दोर बांधलेला, हातात बांबू, नजर सरळ समोर.

पूर ओसरून दुसरा दिवस होता. नदीच्या वाकणापासून पुलापर्यंत सगळं गाळाखाली गेलं होतं आणि त्या गाळात कुठेतरी काकांचा धाकटा मुलगा होता. परवा पलीकडच्या वस्तीतली माणसं काढताना त्यानं तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला गेला तो गेलाच.

मदत पथक काकांनीच उभं केलेलं. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात ते माणसं जमवायचे. गाठ कशी मारायची, चादरीचं स्ट्रेचर कसं करायचं, ओळ कशी चालवायची, सगळं घोटून घ्यायचे. सुरुवातीला कोणी नाव द्यायला तयार होईना, तेव्हा वहीत पहिलं नाव त्यांनी मुलाचं घातलं, त्याला न विचारता. टेलरबाई आली होती ती नुसत्या दंडावरच्या पट्ट्या शिवून द्यायला. ती राहिली, शिकली, आणि दोन वर्षांनी काकांनी तिच्या गळ्यात शिट्टी अडकवली. अगं, मी काय जन्माला पुरणार आहे, एवढंच म्हणाले होते.

नियमही त्यांचाच. घरचं माणूस ओळीत नको. घरच्याला काही दिसलं की तो धावतो, ओळ तुटते, आणि मग एकाच्या जागी दोघांना शोधावं लागतं.

"काका, तुम्ही वर रस्त्यावर थांबा," ती म्हणाली.

ऐकलंच नाही असं दाखवून काका शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीची गाठ तपासू लागले. गाठ चांगली होती. तरी त्यांनी ती सोडली आणि पुन्हा मारली. टेलरबाईनं पुन्हा सांगितलं.

"माझे पाय अजून धड आहेत गं."

"पायांचं नाही म्हणत मी."

"मग मला सांगणारी तू कोण?"

पोस्टमन मध्ये पडला. बापाचं काळीज आहे, आजच्यापुरतं राहू दे, मी त्यांचा हात सोडणार नाही, असं काहीबाही बोलला. तिच्याही मनात आलं, राहू दे, कोण विचारतंय. मग तिनं पाण्याकडे पाहिलं. वाकणावर अजून भोवरे फिरत होते. कडेला गाळ पोटरीभर, पुढे किती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि वर रस्त्यावर कॉलेजच्या मुलीची आई पदर तोंडात धरून उभी होती.

"तुम्ही ओळीत असाल तर मी शिट्टी वाजवणार नाही," ती म्हणाली. "ओळ हलणार नाही."

काका दोर सोडायला लागले. चाळीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधलेली बोटं, पण ती ओली गाठ काही त्यांना सुटेना. मुलीनं मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी गाठ सुटली. काकांनी बांबू गाळात रोवून ठेवला आणि ते चढ चढू लागले. एका ठिकाणी पाय घसरला तेव्हा हात टेकून वर गेले. कोणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

तिनं शिट्टी वाजवली. तेरा जणांची ओळ पाऊल पाऊल पुढे सरकली. बांबू खाली जायचा, वर यायचा. गाळ, मूळ, गाळ, दगड. बोलायचं नाही असं ठरलेलंच होतं. ऊन चढलं. दोनदा बांबूला मऊ लागलं. एकदा मेलेलं वासरू निघालं, एकदा गादी.

मग ओळीतला गवळी थांबला. ओरडायचं नाही, नुसता हात वर करायचा, हे काकांनी शिकवलं होतं. त्यानं हात वर केला.

उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळ्यांत तो अडकला होता. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही राहिलं नव्हतं. दंडावर पट्टी होती. टेलरबाईनं अंगठ्यानं तिच्यावरचा चिखल पुसला. टाके तिच्याच हातचे होते.

मुलगी ओळीतच मटकन खाली बसली. गवळ्यानं दोर ताणून धरला.

"वर मी जातो," पोस्टमन हळूच म्हणाला. "लोकांच्या दारात वाईट बातम्या नेण्यात जन्म गेला माझा."

हो म्हणावं असं तिला फार वाटलं. तिनं त्याला स्ट्रेचर बांधायला सांगितलं आणि ती निघाली.

काका रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. ती धावली नाही. डोळे पुसायचे ते तिनं चढावरच पुसून घेतले. थोडं थांबा, बघतोय आम्ही, असलं काही बोलायचं नाही, एका वाक्यात सांगायचं, हे तिनं वर येईपर्यंत स्वतःला चार वेळा बजावलं.

तिची चाल बघूनच काका उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. दवाखान्यात डॉक्टरांसमोर उभे राहायचे तसे, दोन्ही हात बाजूला घेऊन, ताठ उभे राहिले.

"सांगा, बाई," ते म्हणाले.