एकट्यानं राहायची तालीम

रविकिरणला नोकरीसाठी एकट्यानं जर्मनीला जायचं होतं आणि लेकाला चहासुद्धा धड येत नव्हता. मग मीच हुकूम सोडला, "आधी महिनाभर इथंच शहराच्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत खोली घेऊन एकटा राहा. हातानं रांधून खा. जमलं, तरच विमानात बस."

पोरगं राहिलं की! रोज संध्याकाळी फोनवर फोटो यायचे, सारू-भात, कोशिंबीर, चंद्रासारख्या गोल पोळ्या. बनशंकरीच्या देवळात ते बायकांना दाखवून मी ऐटीत सांगायची, "बापावर नाही गेला हो, माझ्यावर गेलाय!" कारण आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचललेला नाही. हल्ली तर दुपारी चहा झाला, की भजनाला म्हणून जे जायचे ते जेवायलाच परत.

काल होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या केल्या. राहवेना, म्हणून न सांगता डबा घेऊन खोलीवर गेले. दार उघडंच होतं. लेक खाटेवर लोळत फोन बघत होता.


आणि आत आमचे हे, कोपरापर्यंत पीठ माखून, तव्यावरची पोळी फुगवत म्हणत होते, "रवी, फोटो काढ बघू लवकर, तिकडे तुझी आई माझं पान वाढून बसली असेल."