ल्यूक तेत्रोची टाळाटाळ

सामन्याचं शेवटचं सत्र सुरू झालं तरी ल्यूक तेत्रो ओरेस्टच्या नजरेला नजर देत नव्हता.

ओरेस्ट बाकावरून त्याला निरखत होता. आइस हॉकीच्या संघात ओरेस्टचं काम एकच: आपल्या पोरांना कोणी रगडलं, की त्याला बडवायचं. चौदा वर्षांत गोल किती केलेस, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. सकाळी मॅनेजर म्हणाला होता, "आज त्यांच्या संघातल्या त्या तेत्रोला लोळव. नाहीतर सोमवारपासून मेहुण्याची डुकरं राखायला मोकळा."

ओरेस्टला डुकरांचं वावडं नव्हतं. मेहुण्याचं होतं.

मॅनेजर वर काचेमागे बसला होता. वेळ भराभर सरकत होता. मधलं सत्र कधी संपलं तेही ओरेस्टला कळलं नव्हतं. बोटांची हाडं ठणकत होती. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या थंडीत ती ठणकतातच. तोंडात रक्ताची चव होती. काळजी लागली की ओठ चावायची त्याची जुनी खोड.

तेत्रोचा एक डोळा सुजून मिटला होता. म्हणजे कोणीतरी आधीच हात साफ केला होता. ओरेस्टला उष्टं खायला आवडत नसे.

लोक त्याच्या नावाचा गजर करत होते. त्यांनाही धीर धरवत नसणार.

तो उठला. "कुठे निघालास परत?" कोच मर्व्हने विचारलं.

"माझी पाळी."

"तुझी पाळी आली की मला देव आठवतो. जा. पण जरा शहाण्यासारखा खेळ."

बर्फावरून घसरत तेत्रोशेजारी जाऊन ओरेस्टने रीतीप्रमाणे आधी विचारलं. या धंद्यात न विचारता मारणं असभ्य समजतात.

"काय रे, होऊन जाऊ दे?"

"दादा, बसा ना जरा."

"टरकलास?"

"हो, टरकलो. झालं समाधान?"

"मग हातमोजे टाक. तुझ्या थोबाडावर माझी नोकरी अडलीय."

तेत्रोने पुढे होऊन त्याची जर्सी मुठीत धरली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दम देतोय. आवाज मात्र अगदी हळू होता.

"काचेकडे तोंड करू नका, तुमचा मॅनेजर बघतोय. नोकरी वाचलीय तुमची. आपली मारामारी मघाशीच झाली, दादा. तुम्ही जिंकलात. हे मी तुम्हाला आता तिसऱ्यांदा सांगतोय."