संत्र्याच्या रसाचं डच नाव

पक्षाघातानंतर शंतनूचे डच सासरे, विलेम, बोलेनासेच झाले होते. श्रूजबरीतल्या लेकीच्या घरी ते दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. शंतनूचे बाबा मात्र रोज सकाळी संत्र्याच्या रसाचा ग्लास त्यांच्यासमोर ठेवायचे आणि त्या रसाचं लांबलचक डच नाव भलतीकडेच तोडून म्हणायचे. आजही म्हणाले, "सिना, सापल, साप. करेक्ट का, व्याहीबुवा?"

विलेमच्या कपाळावर आठ्या चढल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"सी... नास... आपल... साप!" ते चक्क ओरडले.

स्वयंपाकघरातून मारिका धावत आली आणि वडिलांच्या गळ्यात पडून रडू लागली.

शंतनूने बाबांना हळूच बाजूला घेतलं. "बाबा, सीरियसली! एवढाले संस्कृत समास एका दमात म्हणता तुम्ही, आणि हा एक शब्द महिनाभर जमेना?"

बाबा ओशाळून हसले.

"उद्यासाठी सूनबाईंकडून याहून लांब शब्द आण. आणि उच्चार अगदी अचूक विचारून घे रे, नाहीतर चुकायचं कुठे ते मला कसं कळणार?"