दादाने केलेलं वायरिंग

धाकट्याने शर्यतीच्या गाडीत जास्तीचा वेग देणाऱ्या नायट्रसची बाटली बसवली होती. ती गरम ठेवणारा हीटर थेट बॅटरीला जोडून दे, असा धोशा त्याने थोरल्या भावाच्या मागे लावला. थोरला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. "बाटली जास्त तापली तर फुटेल, बाबा," म्हणत त्याने फ्यूज टाकला, रिले बसवला, दाब वाढला की हीटर आपोआप बंद करणारा स्विच लावला आणि सगळं स्वतः चालवून बघितलं.

"दादा, तू ताकसुद्धा फुंकून पितोस," धाकटा हसला.

शर्यतीत वळणावर गाडी त्याच्या हातून सुटली आणि कठड्यावर आदळली. धाकटा जागच्या जागी गेला. थोरल्याने गाडीचा सांगाडा जवळ जाऊन पाहिला. बाटली शाबूत होती, एक वायरही जळली नव्हती. आपल्या हातून चूक झाली नाही, एवढाच आधार धरून तो घरी आला.

धाकट्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. त्याच्याकडे न बघताच ती बोलली.

"मी त्याला जाऊ देणारच नव्हते, दादा. पण तो म्हणाला, सगळं दादाने तपासलंय."